आठव्या महिन्यातली लापशी

माह्या पोरीच्या तोंडात पहिला दाणा कोणी घालायचा, यावरून दोन घरं भांडत बसली आणि तिकडे पोरगी वाळत गेली. हे सांगताना मी शांत असन असं कोणाले वाटत असन, तर नाई बाप्पा, बिलकुल नाई. मले अजून राग येते. भांडे घासता घासता येते, वावरात निंदण करता करता येते. माहा नवरा म्हणते, "हर्षा, झालं ते झालं, सोड आता." सोड म्हणे! तुमचं काय जाते सोडाले?

आमच्याकडे लेकराचं उष्टावण मामा करते. मामानं मांडीवर घ्यावं, वाटीतली तांदळाची खीर बोटानं चाटवावी, मंग लेकरू जेवाले मोकळं. तोवर अंगावरचं दूध, बाकी काही नाई. पोरगा असला तर सम महिना पाहतात, सहावा नाईतर आठवा. पोरगी असली तर विषम, पाचवा नाईतर सातवा. मोनू माही पोरगी. तिचा पाचवा गेला, सातवा गेला, आठवा लागला, पण उष्टावण नाई. काहून, तर मामा आला नाई. आणि मामा काहून आला नाई? टावेलासाठी.

हसू नका. खरंच टावेलासाठी.

जूनमंदी मोनूचं बारसं झालं. मले एकच भाऊ, चंद्रकुमार. माय-बाप दोघंही राहिले नाई, माहेर म्हणजे तोच. तुमसरले राईस मिलमंदी मिस्त्री आहे. बारशाले पाळणा घेऊन आला, पोरीसाठी चांदीचे वाळे आणले, वहिनीले संग घेऊन आला. जेवणाच्या आधी पाहुण्यांचा मान करतात, तसा माह्या सासूनं केला. सासूचं नाव रत्नाबाई, सारा गाव तिले मानते. तर तिनं नंदेच्या नवऱ्याच्या खांद्यावर दुपट्टा टाकला, जरीच्या काठाचा. माह्या चुलतसासऱ्याच्या खांद्यावर दुपट्टा टाकला. आणि माह्या भावाच्या खांद्यावर टावेल. आंघोळीचा टावेल, हिरव्या पट्ट्याचा! भावानं टावेलाची घडी केली, पाळण्यात ठेवली, वहिनीले म्हणलं चल, आणि वाढलेलं पान सोडून दोघं फटफटीवर बसून निघून गेले.

सासू म्हणे, "दुकानदारानं एक दुपट्टा कमी बांधला, त्याले मी काय करू?" भाऊ म्हणे, "कमी पडला तर तो माह्याच खांद्यावर कमी पडते काय?" दोघांचंही खरं असन. पण सासूनं म्हणाव ना, चुकलं माहं. नाई. भावानं म्हणाव ना, जाऊ दे. नाई. भाऊ फोनवर बोलला, "जवाई सोता दुपट्टा घेऊन माह्या दारात येईन, तवाच मी तुह्या दारात पाय ठेवीन." सासूले सांगतलं तर तिच्या नाकाले मिरच्या झोंबल्या. म्हणे, "पोरीकडचा माणूस आमाले अटी सांगन काय? भाचीची माया असन तर येईन आपल्या पायानं." आणि माहा नवरा प्रफुल्ल म्हणे, "मी काय बोलू यात?" त्याले अजून भात वाढू का विचारलं तरी तो पहिले आईकडे पाहते, त्याच्याकडून काय आशा करावी.

आमचं गाव साकोलीपासून सातेक किलोमीटर. अंगणवाडी आमच्या घरामागच्याच गल्लीत. तिथं मंदाताई सेविका आहे. दर महिन्याले ती लेकरांचं वजन करते, झोळीत टाकून, काट्याले लटकवून. नोव्हेंबरात मोनू पाच किलो आठशे भरली. डिसेंबरात पाच किलो आठशे. जानेवारीत पाच किलो आठशे पन्नास, आणि ते पन्नास बी मले वाटते स्वेटराचे होते.

मंदाताईनं कार्ड माह्या समोर धरलं. "हे रेघ पाह, हर्षा. वर चढाले पायजे. तुह्या पोरीची आडवी चालली. पिवळ्या पट्ट्यात आली ती. वरचं काय देऊन राहिली?"

"काही नाई."

"काही नाई म्हणजे?"

"उष्टावण व्हाचं आहे."

मंदाताई माह्याकडे अशी पाहत राहिली का मले जमिनीत जावंसं वाटलं. म्हणे, "सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधावर नाई भागत, बाई. किती डाव सांगतलं तुमाले मीटिंगीत."

मी म्हणलं, "सासू म्हणते पोरगी लई गुणी आहे, रडतच नाई."

"रडाले बी ताकद लागते," मंदाताई म्हणे. मंग तिनंच सांगतलं, "गव्हाची लापशी दे. गहू भाजून भरडायचा, गरम पाण्यात शिजवायचा, जरासं तूप, जरासा गूळ. पातळ कर, चमच्यावरून घसरली पायजे. तांदळाच्या पेजेतलं नुसतं पाणी नको देऊ, त्यानं पोट भरल्यासारखं वाटते अन् अंगी काही लागत नाई."

गव्हाचं नाव निघालं अन् माह्या डोक्यात एकदम उजेड पडला. आमच्या मुलखात जेवण म्हणजे भात. माणूस चार पोळ्या खाऊन उठते आणि म्हणते, अजून जेवलो नाई. सासूच म्हणते तसं. उपासाच्या दिवशी भात सोडते अन् पोळी खाते, म्हणे पोळीनं कुठं उपास मोडते? मंग उष्टावण कायचं? तांदळाचं. मामाचा हक्क कायवर? तांदळावर. गव्हावर कोणाचाच हक्क नाई. रेशनचा गहू तर आमच्या कोठीत पडूनच राहते, पाहुणे आले का निघते.

दोन शेर गहू धुतला. चादरीवर टाकून दोन दिवस उन्हात वाळवला. सासूनं विचारलं, मी म्हणलं, पीठ दळाले लागते. मंग कढईत मंद आचेवर भाजला, लालसर होईपर्यंत, आणि मिक्सरमंदी भरडून चाळून घेतला. सासू वावरात हरबऱ्याकडे गेलेली. चुलीवर पाणी उकळत ठेवलं, इकडे चमचाभर तुपात भरडा परतला, वरून पाणी ओतलं, ढवळत राहिली. एक गुठळी होऊ दिली नाई. असा वास सुटला घरात का माह्याच तोंडाले पाणी आलं. मोनूले मांडीवर घेतलं, बोटावर घेऊन फुंकून फुंकून गार केलं, तोंडापाशी नेलं.

"काय वं, काय चारून राहिली?"

दारात सासू. तो तुपाचा वास अंगणापर्यंत गेला असन.

"लापशी. गव्हाची."

"मामा कुठं आहे?"

"मामाचा हक्क भातावर, आई. हे गहू आहे. गव्हाले आपण कुठं जेवण म्हणतो?"

मले वाटलं बरोब्बर बोलली मी. सासूनं विळा खाली ठेवला, वाटी माह्या हातातून हिसकली आणि अंगणात कोंबड्यांपुढं पालथी केली. "लई हुशार झाली तू! गहू काय माती आहे? दाणा तो दाणा. एकडाव दुसऱ्याच्या हातचा गेला का पोरीचा मामा तुटला समज. अन् हा आठवा चालू आहे. पोरीले समात चारतात काय? आता नवव्यात पाहू."

नवव्यात! अजून एक महिना! माह्या अंगाची लाही लाही झाली. कोंबड्या टपाटपा लापशी खाऊन राहिल्या होत्या. घरातल्या कोंबडीले गहू चालते, पोरीले नाई. मी म्हणलं, "आई, वजन पहा तिचं, कार्ड पहा." सासू म्हणे, "कार्डावर आमची लेकरं नाई वाढली. प्रफुल्लले मी दहाव्यात उष्टावलं, काय झालं त्याले?"

काय झालं ते मी चार वर्षांपासून पाहून राहिली आहे, पण ते बोलली नाई.

पण खोटं कायले बोलू, तो 'मामा तुटला' शब्द माह्याही पोटात गेला. माहेरचं एकच दार, ते बी सात महिन्यांपासून बंद. पोरीच्या तोंडात मी दाणा घातला आणि खरंच ते कायमचं बंद झालं तर? म्हणून त्या दिवशी मी दुसऱ्यांदा लापशी केली नाई. कढई घासून ठेवली.

संध्याकाळी नवरा आला. त्याले सारं सांगतलं. तो हातपाय धुऊन, पुसून, आरामात म्हणे, "आईले दुखवून कसं चालन, हर्षा? एक महिन्याचाच तर सवाल आहे."

"तुमी राहून दाखवा एक महिना. नुसतं दूध प्या. उद्यापासून डबा देत नाई मी."

"आता तू भांडाले उठली."

"हो, उठली! तुमी उठले असते तर मले उठाव लागलं नसतं. एक दुपट्टा घेऊन तुमसरले गेले असते तर तुमचे पाय झिजले असते काय?"

"आईनं म्हणलं असतं तर गेलो असतो."

असा माणूस! बोलून काय दगडाले पाझर फुटन?

सकाळी उठून उरलेला भरडा डब्यात भरला. वाटी, चमचा, तुपाची बाटली, गुळाचा खडा, सारं पिशवीत टाकलं. मोनूले कानटोपी घातली, शालीत गुंडाळलं. सासू अंगण झाडून राहिली होती.

"कुठं चालली?"

"तुमसरले. मामा येत नाई ना, मंग भाचीच जाते."

"प्रफुल्लले विचारलं?"

"त्याले तुमीच सांगा. तो तुमचंच ऐकते."

तिच्या हातातला झाडू थांबला. मी मागं वळून पाहिलं नाई. गावातून ऑटोनं साकोली, साकोलीहून तुमसरची यष्टी. जागा मिळाली खिडकीपाशी. मोनू सारा रस्ता माह्या छातीले टेकून पडून होती. शेजारची बाई म्हणे, "किती महिन्याची? चार?" मी म्हणलं, "आठवा लागला." तिनं नजर फिरवली अन् खिडकीतून बाहेर पाहू लागली. साऱ्या रस्त्यानं मी मनात भावाशी भांडत होती. काय बोलायचं, कसं बोलायचं, सारं ठरवून ठेवलं होतं.

जानेवारीत मिली जोरात असतात. फाटकाबाहेर धानाच्या ट्रॅक्टरांची रांग, आत कोंड्याचे ढीग, आणि हवेत सारा धुरळा. मोनूच्या तोंडावर पदर टाकला आणि आत शिरली. भाऊ मशीनपाशी उभा, तोंडाले दुपट्टा बांधलेला, भुवयांपासून बुटापर्यंत पांढरा. वरच्या नळीतून तांदूळ पोत्यात पडून राहिला होता, न थांबता, पाण्याची धार पडते तसा. मले पाहून त्यानं मशीन दुसऱ्याच्या हाती दिली आणि धावत आला.

"हर्षा? जवाई आला काय संग?"

बस. रस्ताभर जे ठरवलं होतं ते सारं गेलं चुलीत. बहीण सात महिन्यांनी आली, कडेवर भाची आहे, आणि पहिला सवाल काय, तर जवाई आला काय!

"नाई आला! दुपट्टा बी नाई आला! मी आली आणि हे आली. तुले दिसते का हे?"

"हळू बोल, लोकं पाहून राहिले."

"पाहू दे! मी त्यायलेच दाखवाले आली. पहा हो सारे, हा मामा! याच्या केसात तांदूळ, बुटात तांदूळ, दिवसभर तांदळातच उभा राहते, अन् याच्या भाचीच्या पोटात अजून एक कणी गेली नाई. आठवा महिना लागला तिले. काहून? तर या साहेबाले टावेल मिळाला!"

पोते उचलणारे तिथंच उभे राहिले. भाऊ लाल झाला. "तू तिथं होती ना? साऱ्यांना दुपट्टा अन् मले टावेल. माह्या बायकोसमोर. माहा काहीच मान नाई?"

"आहे ना मान. त्या मानाचं वजन कर एकडाव, अन् मंग हिचं कर." असं म्हणून मी मोनूले त्याच्या हातात दिलं.

त्यानं घेतलं, आणि घेता घेता त्याचे हात वर गेले, जड वस्तू समजून जोर लावावा अन् ते हलकं निघावं तसे. तो माह्याकडे पाहत राहिला. "एवढीच?" म्हणे.

"एवढीच. दोन महिन्यांपासून एवढीच."

मिलीच्या बाहेर चहाची टपरी होती, तिथं घेऊन गेला. टपरीवाल्याकडून उकळतं पाणी मागून घेतलं. मी वाटीत भरडा घेतला, तूप टाकलं, गूळ कुस्करला, पाणी ओतलं, झाकण ठेवून मुरू दिलं, मंग बोटानं चोळून चोळून मऊ केलं. भावानं तोंड-हात धुतले. पोत्याची घडी करून बसला, मोनूले मांडीवर घेतलं. मिलीतले चारपाच जण पाहाले आले होते. आणि एवढं सारं झाल्यावर तो मले काय म्हणते?

"हर्षा, आठवा आहे ना? सम. पोरीले समात चालते काय?"

"भाऊ, आता एक शब्द बोलला तर हे गरम लापशी तुह्या डोक्यावर ओतीन."

त्यानं बोट बुडवलं, फुंकलं, मोनूच्या ओठाले लावलं. तिनं तोंड उघडलं नाई. त्यानं बोट जरा आत सारलं. तिनं जिभेनं सारी लापशी बाहेर ढकलली, ती हनुवटीवरून शालीवर आली, आणि मंग तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि रडाले लागली. किती दिवसांनी ती अशी रडली! पाठ ताठ करून, मुठी आवळून. भाऊ म्हणे, "मोनू, मी मामा, मामा," आणि दुसऱ्यांदा बोट नेलं. तिनं मान फिरवली. तिसऱ्यांदा नेलं, तिनं ते बी थुंकलं. तिचं काय चुकलं? बारशाच्या दिवशी अर्धा तास पाहिलं होतं त्यानं तिले, बारा दिवसांची असताना. तिच्यासाठी तो कोण? भुवया पांढऱ्या असलेला एक परका माणूस. ज्या मामासाठी आमी तिले उपाशी ठेवलं, तो मामा तिच्या ओळखीचाच नव्हता.

"दे इकडे," म्हणलं.

मांडीवर घेतलं. ती थांबली. मी बोटावर लापशी घेतली, चाखली, गरम नाई ना पाहिलं, तिच्या ओठाले लावली. पहिले जीभ बाहेर आली. मंग जीभ आत गेली. मंग तिचा इवलासा गळा हलला, मी डोळ्यांनी पाहिला. पुन्हा लावली. पुन्हा गिळलं. चौथ्या घासाले तिनं बोट तोंडापाशी यायच्या आधीच तोंड उघडलं. दहाबारा बोटं खाल्ली. मले भीती वाटली, पहिल्याच दिवशी एवढं नको, म्हणून थांबवलं, तर वाटीकडे पाहत राहिली.

मी डोळे पुसून राहिली होती, तेवढ्यात भाऊ जवळ सरकला आणि हळूच म्हणे, "हर्षा, ऐक ना. घरी सांग, माह्याच हातानं झालं. पहिला घास मीच दिला होता ना. थुंकला, पण तोंडात तर गेला होता."

मले वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुले तिच्या पोटात काही गेलं याचा आनंद नाई झाला?"

"झाला ना. पण लोकं काय म्हणतीन, मामाच्या हातचं घेतलं नाई पोरीनं. तुह्या सासूले तर बरंच होईन बोलाले."

मी डबा बंद केला, वाटी धुतली, पिशवी उचलली. "तुह्या नावावर जो घास पायजे तो माह्या शालीवर आहे, भाऊ. काढून घे." तो मागून म्हणत राहिला, "चहा तर पी, घरी तर चल, वहिनी आहे घरी." मी गेली नाई. साकोलीची यष्टी लागलेलीच होती.

घरी पोचली तर अंगणात निराळंच. सासू खाटेवर बसलेली, शेजारची देवकाबाई बाजूले, नवरा दारात उभा, तिघांचेही चेहरे खुललेले. चुलीवर तांदळाची खीर चढवलेली, वेलदोड्याचा वास. मले पाहताच सासू उठली.

"झालं बाई एकदाचं! चंद्रकुमारचा फोन आला होता प्रफुल्लले. म्हणे, मी केलं उष्टावण, पोरीनं चांगलं खाल्लं. समात केलं तेवढं सोडलं तर ठीक झालं. शेवटी मामा तो मामा. दे पोरीले इकडे, खीर चाटवू."

देवकाबाई म्हणे, "भांडण मिटलं, बरं झालं."

मी चूप राहिली असती तर सारं मिटलंच होतं. पोरीले त्या दिवसापासून खायले मिळालंच असतं. मले ते कळत होतं. पण माह्या तळपायाची आग मस्तकाले गेली. माह्या पोरीचा जो घास यांनी इतके महिने अडवून धरला, तोच आता फोनवरून आपसात वाटून घेतला. एकाचा मान राहिला, दुसरीचा रिवाज राहिला, अन् तिसरा दारात उभा राहून दात दाखवून राहिला. अन् मी जाऊन खाटेवर बसून हो हो म्हणू? 

"भाऊ खोटं बोलला," म्हणलं. "त्याच्या हातचं तिनं थुंकलं. तीनदा थुंकलं. मी चारलं. माह्या हातानं."

देवकाबाईनं तोंडावर हात ठेवला. नवरा म्हणे, "हर्षा, कायले आता..." सासूचा चेहरा उतरला. "मंग झालंच नाई उष्टावण," ती म्हणे. "खीर उतरव रे प्रफुल्ल. पोरीच्या तोंडाले आता काही लावायचं नाई. नवव्यात मामाले नीट बोलावू, मंग."

मी चुलीपाशी गेली, बाजूच्या गंजातलं गरम पाणी घेतलं, डब्यातला भरडा वाटीत घेतला, सगळ्यांच्या समोर अंगणात फतकल मारून बसली आणि लापशी कालवाले लागली. मोनू मांडीवर. 

"हर्षा, ठेव ते."

ढवळत राहिली.

"ठेव म्हणलं ना!" सासू वाकली आणि तिनं वाटी धरली. मी सोडली नाई. तिनं ओढली, मी ओढली, आणि ओढाताणीत तिची बोटं वाटीत गेली, पार पेरापर्यंत. चटका बसन एवढी गरम नव्हती लापशी. तिनं हात बाहेर काढला, तर मोनूनं तो हात धरला. दोन्ही मुठींनी धरला, स्वतःकडे ओढला आणि सासूचं बोट तोंडात घातलं. चोखलं. ते झालं तर दुसरं घेतलं. मंग तिसरं. मधात श्वास घ्याले बी थांबली नाई. आजीची बांगडी तिच्या गालाले लागून राहिली होती, त्याची तिले शुद्ध नव्हती. 

सासू वाकलेलीच राहिली. हात काढून घ्याव तर पोरगी सोडेना. मंग सासू हळू खाली बसली, मातीतच, आणि तिनं उरलेलं बोट आपणहून पुढं केलं.

"हर्षा," ती म्हणे, आणि तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता, "हे भुकेली होती काय वं?"

"हो!" मी ओरडली. "दोन महिन्यांपासून! तुमाले कळलं नाई, तुमच्या पोराले कळलं नाई, माह्या भावाले तर काहीच कळलं नाई..."

आणि तिथंच माहा आवाज बसला. कारण मले कळत होतं. मी जेवाले बसली का हे मांडीवरून माह्या हाताकडे पाहायची. हात ताटात गेला का तिची नजर ताटात, हात तोंडाशी आला का तिची नजर माह्या तोंडाशी. रोज, दोन्ही टायमाले. मी पाहात होती. पाहात होती आणि दुसऱ्या बाजूले तोंड करून भात खात होती.